बहिरा माइक

ता. ४, सोमवार

चि. टिटवीस आजीचे आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी चुकीचं ऐकते, म्हणून पत्र. येत्या सोळा तारखेला कारखान्यातले माग कायमचे बंद होतायत. त्याआधी जुन्या विणकरणींचे आवाज टिपायचं काम तुझ्या स्टुडिओला मिळालं, असं तुझी आई म्हणाली. निरोपाच्या कार्यक्रमात ते लावणार म्हणे. मालकाला गोडगोड आठवणी हव्यात आणि त्यासाठी मला भिंतींना गादी लावलेल्या खोलीत बसवणार.

मी बसणार नाही. एकतीस वर्षं मागापुढे उभी होते. आमचे कान गेले तेव्हा मालकाच्या डॉक्टरने लिहून दिलं की वयोमानाने गेले. मी तेव्हा चाळिशीची होते. घ्यायचं तर चालू मागांमध्ये घे, सगळ्या खडखडाटासकट. सोळा तारखेनंतर तो आवाज कुठून आणशील?

लोभ वाढव, त्याला काही पैसे पडत नाहीत.

तुझी आजी

ता. ७, गुरुवार

ती. आजीस शि. सा. न.

स्टुडिओच्या साहेबांना तुझं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, मागांमध्ये माइक नेला की काम बिघडलंच समज. मी शुक्रवारी, पंधराला, रजा टाकलीय. सामान माझं स्वतःचं आणते.

आता माइकचं. स्टुडिओत वापरायचा मोठा फार नाजूक. शांत खोलीत तो श्वाससुद्धा पकडतो, पण तुमच्या मागांपुढे त्याचा आवाज फाटेल. कॉलरला लावायचा छोटा आहे, तो पदराची सळसळच जास्त ऐकवतो. तिसरा हातात धरायचा, दणकट. त्याला लांबचं कमी ऐकू येतं. तोंडाशी धरला तरच बोलणं नीट पकडतो. शिवाय खडखडाटासाठी दोन माइकची जोडी स्टँडवर लावीन. कुठला आणू?

तुझी लाडकी आहे, तशीच राहू दे.

टिटवी

ता. १०, रविवार

चि. टिटवीस आशीर्वाद.

तो बहिरा आण. त्याचं नि माझं जमेल. नाजूक माणसं मागावर आठवडाभर टिकत नव्हती, माइक काय टिकणार? जोडीचे दोघे खिडकीशी नको, तिथे आवाज बाहेर पळतो. मागांच्या मधल्या गल्लीत लाव, सुताचा पळता धोटा दोन्हीकडून डोक्यावर आदळल्यासारखा वाटतो तिथे. आणि तुझे केस बांधून ये. मागाला नात-बीत कळत नाही.

रागावते तेवढीच माया आहे असं धर.

आजी

ता. १८, सोमवार

ती. आजीस शि. सा. न.

घोटाळा झालाय. परवा माग थांबले आणि आज मी ऐकायला बसले. वीस मिनिटं माग जसेच्या तसे आलेत, छातीत धडधडतात. पण तुझा एक शब्द नाही! मी तुझ्यासमोर उभी होते, तुझं तोंड चालू होतं, माझ्या कानांत बोळे. मला वाटलं, बहिरा माइक ऐकतोय. आजी, तू आवाजच काढला नव्हतास का?

साहेबांनी हे काम माझ्याकडून काढून घेतलं. सगळं एका पेन ड्राइव्हवर घालून पाठवतेय, तुझ्यापाशी असू दे. तू बोललीस तरी काय?

माझ्यावर चिडू नकोस.

टिटवी

ता. २५, सोमवार

चि. टिटवीस आशीर्वाद.

चिडू कशाला? चूक माझी. मागांपुढे आम्ही कधी आवाज काढलाच नाही. घसा फोडून काय उपयोग? ओठ हलवायचे, समोरची वाचते. त्या गल्लीत पाय ठेवला आणि ओठ आपोआप तसे चालले.

काल निरोपाचा कार्यक्रम झाला. लाउडस्पीकरवाला म्हणजे आमच्या जॉबरचा, मागांवरच्या मुकादमाचा, जावई. त्याला तुझा पेन ड्राइव्ह दिला आणि सांगितलं की मालकाचं भाषण झालं की हा लाव, बटण शेवटपर्यंत फिरवून. मी कर्ण्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा तसेच ओठ हलवले.

तू विचारलंस म्हणून सांगते. पहिली थोडी मिनिटं मालकाच्या बापाबद्दल होती, ती लिहिण्याजोगी नाहीत. पुढे नावं. जिचे जिचे कान गेले तिचं नाव आणि तिच्या मागाचा नंबर. मांडवात आमच्या बायका ओठ वाचत होत्या. आपलं नाव आलं की एकेक उठून उभी राहायची. सुताच्या कांड्या भरणारी कांडीवाली तर खुर्चीवरच चढली, गुडघे दुखतात म्हणून गेलं वर्षभर रडतेय ती. बाकीच्या पाहुण्यांना काही कळेना. मालकाने दुसऱ्याच मिनिटाला दोन्ही कानांवर हात दाबले, आणि शेजारी बसलेल्या त्या डॉक्टरनेही. दोघांचंही वय झालं असेल.

मालक बंद करा म्हणून ओरडत असावा. तोंड तरी तसंच दिसत होतं. जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी कानाला हात लावून मान हलवली, मला काही ऐकू येत नाही म्हणून. वीसच्या वीस मिनिटं झाली.

साहेबाने कायमचं घालवलं तर इकडे ये. तो बहिरा घेऊन ये. या वेळी आवाज काढून बोलते.

आजी