गाडी गेली की कूस

१४ फेब्रुवारी १९७४, गुरुवार

सकाळच्या पॅसेंजरने रहिमतपूर. ज्ञानदेवची पाठ पुन्हा चिघळलीय. डिसेंबरात आमच्या वॉर्डातून बरी करून पाठवली होती, आज माकडहाडावर रुपयाएवढी जखम. हा चौथा फेरा. आम्ही सांगलीत बरं करायचं, घरी जाऊन परत चिघळायचं, परत आणायचं. पहिले पाढे पंचावन्न.

म्हणूनच डॉक्टरसाहेबांनी हे नवं काढलंय. वर्षानुवर्षं अंथरुणात असलेले सहा पेशंट एकाच सिस्टरकडे. वॉर्ड, घर, औषधं, कागदपत्रं, सगळं तिनंच बघायचं, आणि जूनमधे कमिटीला दाखवून द्यायचं की फरक पडतो. पडला तर आणखी चार सिस्टर. नाही पडला तर मी आपली परत वॉर्डात थर्मामीटर झटकायला.

सहांत ज्ञानदेव सगळ्यात अवघड. फौजेत ट्रक चालवायचा. दीड वर्षापूर्वी ट्रक दरीत गेला, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. वय एकतीस. आज भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बोलले तर डोळे मिटून घेतले.

२१ फेब्रु., गुरुवार

बाजेला झोळ पडला होता. काढून फळ्या टाकल्या, वर दोन वाकळा. ज्ञानदेवची बायको अंजना, काटक बाई, एकटी त्याला उचलते. दर दोन-तीन तासांनी कूस बदल, रात्रीसुद्धा, एवढं केलंस तर जखम भरेल, म्हटलं. ती म्हणाली, "आवं बाई, घड्याळ मला कुटं वाचता येतंय?"

घड्याळ घरात एकच, ज्ञानदेवच्या मनगटावर. फौजेतलं. रोज चावी देतो पण वेळ सांगत नाही. कुणाशीच बोलत नाही म्हणा.

तेवढ्यात गाडी गेली. घर रुळापासून हाकेच्या अंतरावर, मांडणीवरची भांडी खणखणली. मी विचारलं, रात्रीही अशी वाजतात का. म्हणाली, वाजतात की, जाग येती. मला तिथेच सुचलं. दिवसाच्या चार, रात्रीच्या तीन. गाडी गेली की कूस. मधल्या मोठ्या खंडाला शाळेची घंटा. तिचं उसाचं रान घराला लागूनच, दिवसा पळत येईल.

वहीच्या मागच्या पानावर तक्ता काढला: पहिली गाडी डावी कूस, दुसरी उजवी. तिने एकदा ऐकलं आणि पाठ म्हणून दाखवलं. स्वतःवर इतकी खूश झाले की परतीच्या गाडीत एकटीच हसत होते.

२८ फेब्रु.

घरी पोचेपर्यंत अंधार. आईने ताट झाकूनही ठेवलं नव्हतं. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. "दुसऱ्याची पाठ धुवायची आणि स्वतः उपाशी झोपायचं, असला कसला ग धंदा," आई. पाणीही न पिता पडले.

१४ मार्च

जखम आठ आण्याएवढी. कडा गुलाबी. लघवीची नळी अंजना स्वतः उकळून ठेवते, मला करून दाखवली. साताऱ्याला सैनिकांच्या कचेरीत मी दोनदा जाऊन हवेच्या गादीचा अर्ज लावला.

मी दिवस मावळल्यावर खात नाही हे हिला कुणी सांगितलं कोण जाणे. पाचलाच भाकरी आणि वांगं पुढ्यात. "येळत जेवा. मग बसा काय लिवायचं ते लिवत." निमूट जेवले.

२८ मार्च

ज्ञा. बोलला. गाडी गेली, अं. रानातून यायला जरा उशीर झाला, तर हा भिंतीकडे बघतच म्हणाला, "धा मिन्टं लेट." गाडी की बायको, ते सांगितलं नाही. अं. दारातच हसायला लागली. तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

११ एप्रिल

वाखाच्या दोऱ्या वळतोय, पडल्या पडल्या. छातीवर वाखाचा गुंडा. भावकीतले लोक बैलांची दावी वळून घ्यायला येतात, दोन घटका बसतात. मला विचारलं, सिस्टर, तुमच्या सांगलीत रिक्षा झाल्यात म्हणं, इंजन कसलं हाय? मला काय डोंबल माहीत. पुढल्या खेपेला विचारून येते म्हटलं.

१८ एप्रिल

जखम बंद. नवी कातडी. बोटाने दाबून पाहिलं, रंग लगेच परत येतो.

देवाला नमस्कार केला. देवघरासमोर उभी राहिले ते आईला दिसलं.

६ मे, सोमवार

कमिटीचा कागद लिहायला घेतला. सहाही पेशंटांचं पान एकेक. ज्ञा.चं पान सगळ्यात वर ठेवलं. रकाने: कातडी, ताप, लघवी, आहार, वजन, मन. "मन" हा रकाना माझा स्वतःचा, डॉ.सा. हसले होते. त्यात लिहिलं: बोलतो, काम करतो, थट्टा करतो.

डॉ.सा. पान वाचून म्हणाले, हेच आधी दाखवायचं. छाती फुगली, का खोटं बोलू.

८ मे

रेल्वेचा संप. स्टेशनात शुकशुकाट.

९ मे, गुरुवार

एसटी स्टँडवर दोन तास उभी. लोक टपावर. गाडीला हात लागेना. परत आले.

१६ मे, गुरुवार

आज जाता आलं असतं. कऱ्हाडच्या गाडीला जागा होती. पण वॉर्डात दोन सिस्टर रजेवर, मेट्रन म्हणाल्या, तुमचा पेशंट तर बरा झालाय ना? हो म्हटलं. अंजना आहे, ती जमवेल.

हे वाक्य लिहून ठेवते. नंतर मला वाचायला लागेल असं का वाटतंय...

२३ मे, गुरुवार

एसटीने कऱ्हाड, तिथून दुसरी. दुपार झाली पोचायला.

दारातच वास आला. सतरा वर्षं या कामात आहे, तो वास उंबऱ्याबाहेरून ओळखते. माकडहाडावर मूठ जाईल एवढी जखम, तळाला काळं. अंग तापलेलं. चार-पाच दिवसांचं नव्हे. अं. चुलीपाशी पदर तोंडात कोंबून उभी.

मी तिच्यावर ओरडले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

ओळखीच्या एकाचा ट्रक सांगलीला निघाला होता, मागे गवताच्या पेंढ्या टाकून त्यावर ज्ञा.ला घेतलं. पालथा. मी एका अंगाला, अं. दुसऱ्या. वाटेत डोळे मिटून म्हणाला, "ड्रायव्हर क्लच लय दाबतोय." ताप एकशे तीन.

२४ मे

डॉ.सा.नी काळं कापून काढलं. हाडापर्यंत गेलंय. रक्तात पसरलं नाही तर नशीब, म्हणाले. पेनिसिलिन सुरू.

२५ मे

अं.ला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. आता ओरडायचं नाही असं ठरवून विचारलं.

दिवसा केलं म्हणाली. सावली बघून, शाळेला सुट्टी म्हणून घंटा नव्हती तरी अंदाजाने येत होती. रात्री नाही. "गाडीच न्हाई आली बाई. भांडी वाजली न्हाईत. मला जागच येईना. पडलं की उजाडलेलंच." मग हळूच म्हणाली, लगीन झाल्यापासनं एवढी कवा झोपले न्हाई.

पहिले चार दिवस तिला कळलंच नाही. पाठ लाल दिसली तेव्हा हळद लावली आणि पायाला दोरी बांधून, तिला पाट्याचा दगड अडकवून निजली, झोपेत स्वतःची कूस बदलली तर जाग येईल म्हणून. जाग आली नाही. मला चिठ्ठी पाठवायची तर टपाल त्याच गाडीने जातं.

दगड पायाला बांधून निजली. आणि मी तिला हलगर्जी म्हणाले होते.

तक्ता मी काढला होता. एक गजराचं घड्याळ द्यायचं, काटे कुठे आले की उठायचं ते खुणा करून शिकवायचं, इतकं साधं. पण गाडीची युक्ती फार आवडली होती मला.

२६ मे, रविवार

ज्ञा.चा ताप जरा उतरला, शुद्धीवर. माझ्या डोक्यात कालपासून एकच. हा रात्रभर जागा असतो. घड्याळ हातात. तीन हातांवर बायको. ड्रेसिंग करता करता विचारलं, हाक का मारली नाहीस?

दोनदा विचारावं लागलं. उशीत तोंड घालून बोलला.

"लय दमली होती. घोरत होती, सिस्टर. दीड वर्सात मी तिला घोरताना ऐकलं नव्हतं. म्हनलं, आजची रात झोपू दे."

मग दुसऱ्या रात्रीही आजचीच रात म्हणाला. आणि तिसऱ्या. मला तर काही कळत न्हाई तिथं, दुखत न्हाई काय न्हाई, म्हणाला.

हातातला चिमटा खाली ठेवून बाहेर आले. नळाखाली तोंड धुतलं. खूप राग आला होता, कुणाचा ते ठरत नव्हतं.

२८ मे

संप संपला म्हणतात. दुपारी लांबून शिट्टी ऐकू आली. अं. वॉर्डाच्या फरशीवर बसली होती, ताडकन उठून त्याच्या खांद्याला हात घातला. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, अहो राहू द्या, आमचं आम्ही घड्याळाने करतो. ती ओशाळून बसली. पुढची गाडी गेली तेव्हाही हात उचलला गेला तिचा.

३ जून, सोमवार

डॉ.सा.नी बोलावलं. म्हणाले, ज्ञानदेवचं पान एप्रिलअखेर थांबवा. मे लिहू नका. "संप काय तुम्ही केला? एप्रिलपर्यंतचं सगळं खरंच आहे ना?" खरंच आहे. बाकीचे पाच ठीक आहेत, त्यांतली एक म्हातारी तर काठीवर चालते. पण मेचं पान लावलं तर कमिटी तेवढंच बघणार, पुढे एकाही पेशंटच्या घरी सिस्टर जाणार नाही, हेही खरं. ते वाईट माणूस नाहीत. माझ्यापेक्षा जास्त पेशंट परत येताना त्यांनी पाहिलेत.

विचार करते, म्हटलं.

६ जून, गुरुवार

दर गुरुवारी रहिमतपूरला जायचे, आता तिथे जायला घर नाही. पाची पेशंटांच्या घरच्या माणसांना आठवड्यात विचारून घेतलं. म्हातारीची सून: दुपारी डोळा लागतो तेवढाच. लोणंदच्या पेशंटचा भाऊ म्हणाला, झोप? ती कशाला विचारताय? कुणीच कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. सहा रकाने आखले, मनाचासुद्धा, आणि सगळे अंथरुणातल्या माणसाचे. उभ्या माणसाचा एक नाही.

सातवा रकाना आखला. "करणाऱ्याची झोप." मागच्या पानांवरही आखला, फेब्रुवारीपासून. ज्ञा.च्या पानावर तो मेपर्यंत रिकामा. मेमधे लिहिलं: पंधरा रात्री, पुरती.

लिहिल्यावर रडू आलं. आईने विचारलं काय झालं. सांगितलं सगळं. ती बराच वेळ निवडायच्या डाळीत बोटं फिरवत बसली. मग म्हणाली, त्या बाईला एक दिवस घरी आण. माझ्या खोलीत झोपू दे.

९ जून, रविवार

अं.ला आणलं. जेवली, आईच्या गादीवर आडवी झाली, अर्ध्या तासात उठून बसली. "तिकडं कोन हाय त्यांच्याजवळ?" सिस्टर आहे म्हटलं. तरी चप्पल घालून निघाली.

११ जून

ज्ञा.चा ताप परत वर. डॉ.सा. औषध बदलून म्हणाले, बघू. या "बघू"चे सगळे अर्थ मला पाठ आहेत. जखमेच्या कडेला एका बाजूला गुलाबी दिसतंय, की मला दिसावंसं वाटतंय.

साताऱ्याहून हवेची गादी मंजूर झाल्याचं पत्र आलं. आज.

१३ जून, गुरुवार

कमिटी शनिवारी. कागद पिशवीत, मेच्या पानासकट. ज्ञा.चं पान अजून सगळ्यात वर. डॉ.सा. भेटले जिन्यावर, पिशवीकडे बघितलं, विचारलं नाही. मलाही अजून माहीत नाही ते पान शनिवारी टेबलावर जाईल की पिशवीत राहील. रोज सकाळी एक ठरवते, संध्याकाळी दुसरं.

दुपारी दोनला कुशीची वेळ. वॉर्डात गेले. ताप एकशे एक. अंजना खाटेखाली फरशीवर झोपलेली, तोंड उघडं, एक हात खाटेच्या पायाला धरून. ज्ञानदेव जागा. मनगट डोळ्यांपुढे धरून काटा बघत होता. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं.

मी चपला काढून ठेवल्या. त्याने खाटेवर टांगलेली दांडी धरून अंग उचललं, मी कमरेखाली हात घातले, आणि दोघांनी आवाज न करता कूस बदलली. ती उठली नाही.