टँकरच्या जागेवरची दुकानं

अण्णा, आपल्या गल्लीतली सगळी दुकानं आत्ताआत्तापर्यंत नकाशावर एकाच ठिकाणी उभी होती. शिंपीकाकांचं दुकान, पंक्चरवाला, किराणा, सलून, आत्याची मिरची कांडपाची गिरणी, सगळी एकमेकांच्या अंगावर, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या प्लॉटमध्ये, जिथे दुष्काळाच्या वर्षी तुमचा पाण्याचा टँकर थांबायचा. तुम्ही होतात तेव्हा फोनमधला नकाशा आपल्याकडे फारसा कुणी उघडत नव्हतं. आता नवा माणूस पत्ता विचारत नाही, फोन सांगेल तिथे वळतो. माझी नोकरीही त्यातलीच आहे. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवर रस्ते, दारं, दुकानं आपापल्या जागी बसवायची. दिवसभर मी शहर वरून पाहते. गारखेड्याच्या पुढची शेतं पावसाळ्यात हिरवी होतात, उन्हाळ्यात राखेच्या रंगाची, आणि दर नव्या चित्रात त्यांतला एखादा तुकडा छपरांखाली गेलेला असतो. झोपेत कुणी पांघरूण ओढून घ्यावं तसं शहर सरकतं, आणि त्याचा आवाज येत नाही.

ती चूक झाली तेव्हा मी तिथेच होते. मी सातवीत आहे. नळ कोरडे आहेत. टँकर आला की गल्लीतली सगळी शटरं खाली येतात आणि माणसं हंडे, ड्रम घेऊन प्लॉटवर धावतात. तुम्ही मागच्या व्हॉल्व्हपाशी पाइप धरून उभे आहात, बाही कोपरापर्यंत ओली. मी आपली कळशी सगळ्यांच्या पुढे सरकवते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "ड्रायव्हरची पोरगी हायेस म्हणून पयला नंबर नाय. मागं हो." मी मागे जाते. आत्या रांगेतून ओरडते, "घ्या! बापाचा टँकर आन् लेक तहानलेली!" सगळे हसतात, तुम्हीही. मी हसत नाही.

तेवढ्यात खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस येतो. दुकानं नकाशावर टाकायचं काम त्याच्याकडे आहे, पण गल्लीत एक दुकान उघडं नाही. तो परत फिरतो, तर तुम्ही त्याला हाक मारता. "साहेब, दुकानात कशाला हुडकता? समदा बाजार हितंच हाय. रांगंतच घ्या लिहून." त्याची उन्हातली पायपीट वाचते, गल्लीचं काम होतं. तो एकेकाचं नाव विचारत रांगेतून पुढे सरकतो, आणि त्याचा फोन प्रत्येक दुकानाची जागा म्हणून तो प्लॉट नोंदवत जातो. आत्याचा नंबर येतो तेव्हा ती म्हणते, "माझ्या गिरणीला कुठलं नाव? ह्यांचंच टाका." आतोबांनी त्या गिरणीला कधी हात लावलेला नाही. तुम्ही पाइप दुसऱ्या ड्रममध्ये घालता आणि म्हणता, "चालवतंय कोण? हिचंच नाव टाका, साहेब." आत्या तोंडाला पदर लावते.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

आता त्या प्लॉटवर पाच मजले उभे आहेत, भोवती भिंत आहे. फाल्गुन लागला की नव्या सोसायट्यांतल्या बायका वर्षभराचं तिखट करायला निघतात, फोनवर शोधतात, आणि त्या भिंतीपाशी येऊन थांबतात. वॉचमन त्यांना मोठ्या रस्त्यावरच्या चक्कीवर पाठवतो. मागच्या वर्षी आत्याचं मशीन अर्धा हंगाम बंद होतं. यंदा तिच्या मुलाने सरळ सांगितलं, मशीन विकू, तू वाळूजला चल, नातवंडं सांभाळ. आत्या मला म्हणाली, "दार उघडं ठेवून बसते, तर कुत्रं बी येत नाय. तुमच्या त्या फोनला आग लागो."

मी घरी बसून तिच्या गिरणीचा ठिपका दारावर आणला. काही दिवसांत तो प्लॉटवर परत गेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. कारण शोधलं तेव्हा गल्लीच निघाली. ही गिरणी इथे आहे का, असं नकाशा आसपासच्या लोकांना विचारतो, आणि आपली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांसाठी 'आहे' दाबत आली होती. जागा कुणी पाहिलीच नव्हती. मी शिंपीकाकांना विचारलं, तर ते चिडले. "आगं, शेजारधर्म हाय का नाय? तुझ्या आत्याची गिरणी हाय का म्हणल्यावर नाय कसं म्हणू?" इतक्या एकोप्याने चुकलेला पत्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

मग ठरवलं, रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या उंबऱ्यावर फोन घेऊन उभं राहायचं आणि आपली जागा तिथून कळवायची. बाकी सगळे तयार झाले. आत्या नाही म्हणाली.

"जागा हलवली तर नाव पुसंल का?"

"का पुसेल?"

"लाइटबिल ह्यांच्या नावावर. घर ह्यांच्या नावावर. माझं नाव गिरणीला कुठं हाय, सांग की. फोनातच काय ते हाय. दादानं टाकलेलं."

तिची भीती चुकीची नव्हती. गिरणी नव्याने नोंदवायची झाली तर बिल मागतात, आणि बिलावर असेल ते नाव लागतं. मी तिला सांगितलं की जुनी नोंद मोडायची नाही, फक्त उचलून दारात ठेवायची. त्यासाठी दारावर तेच नाव लिहिलेलं दिसलं पाहिजे. गिरणीला पाटी कधी नव्हतीच. आत्या उठली. आत गेली, चुन्याचा डबा आणला आणि स्वतःच्या हाताने शटरवर स्वतःचं नाव लिहिलं. अक्षरं मोठी, थोडी खाली घसरलेली. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही, ते तिने भिंतीवर काढलं.

रविवारी ऊन अजून कोवळं होतं. प्रत्येक उंबऱ्यावर एक माणूस, हातात फोन, सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे ताठ. आत्याच्या दारातून मिरचीचा जुना वास येत होता आणि मला मधूनच वाटत होतं की मी हे वरून पाहते आहे, गल्ली एक पातळ रेघ आहे आणि तिच्या दोन्ही कडांना माणसं मण्यांसारखी ओवली जात आहेत. शिंपीकाका पलीकडून ओरडले, "आता हलू का?" आत्या म्हणाली, "हला की! तुमचा पुतळा कोण बसवतंय!"

ठिपके एकेक करून सुटले. आधी सलून, मग किराणा. आत्याचा सगळ्यात शेवटी, तिच्या नावासकट. त्या आठवड्यात सोसायटीतली एक बाई मिरचीचं पोतं घेऊन न विचारता दारात आली. आत्याने मला फोन केला आणि शिंकत शिंकत एवढंच म्हणाली, "आली गं." मुलाला तिने सांगितलं की नातवंडांना इकडेच आण, देठं खुडायला बसव.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे, तेवढ्यासाठीच लिहायला बसले. लिहून झालं की हा कागद माझ्याकडेच राहील. परवा मी गिरणीवर गेले होते. आत्याने हात पुसत विचारलं, "मग त्या टँकरच्या जागी आता काय दिसतं?" मी तिला आताचं सोडून दुष्काळाच्या वर्षीचं उपग्रहाचं चित्र काढून दाखवलं. राखाडी प्लॉट, त्यात नखाएवढा फिकट चौकोन, आणि त्याच्यामागे बारीक ठिपक्यांची वाकडी रांग. आत्याने फोन जवळ धरला, मग लांब धरला.

"दादा व्हय हे?"

त्या फेरीवर इतर ड्रायव्हरही असायचे. इतक्या उंचीवरून चेहरा दिसत नाही, माणूसही धड दिसत नाही. ऑफिसात असं चित्र समोर आलं तर मी 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहिते आणि पुढच्या कामाला लागते.

"व्हय," मी म्हणाले.

"कंचा?"

मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.