सातविणीची खूण

मालवण
२४ मे २०१०

चि. लवू,

तुला नि अनुजाला आशीर्वाद. तिची कंबर कशी आहे? तेल लाव म्हणावं, आणि दळण तू आणत जा. आम्ही ठीक. पाऊस जवळ आला की यांचा दमा उचल खातो, तसा खाल्लाय. सोबत सुके बांगडे आहेत. शेजाऱ्यांना वास येतो म्हणून मागल्यासारखे वाटून टाकू नकोस.

टेकडीवरच्या तुझ्या जागेतली सातवीण ठेवून घर बांधू की तोडू, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी भलतंच बोलत बसले. घरात रविराज होता.

त्याचं काय चाललंय ते तुला ठाऊक आहे. होडीतून पर्यटकांना नेतो, तोंडाला चष्मे लावून पाण्याखालची पोवळी दाखवतो. यंदा पाणी इतकं तापलं की किल्ल्यामागची पोवळी पांढरीफटक पडली. त्याआधीच आपल्याच होड्यांनी रोज नांगर टाकून ती मोडली होती, लोक वर उभे राहत होते ते वेगळंच. पाव टाकला की पट्टेवाले मासे हातावर यायचे, तेही आता चारदोनच. परवा एक बाई पाण्यातून वर आली नि सगळ्यांसमोर म्हणाली, "मासे कुठे आहेत?" लेक घरी येऊन जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या भाजत होते तेव्हा चुलीशी येऊन बसला. म्हणाला, "आये, आजोबांचा खडप माका दाखव. नांगर टाकूचंय नाय. नुसता लोकांका दाखवतलंय."

खरंच सांगते, तो खोटं बोलत नव्हता. पण किल्ल्यामागेसुद्धा पहिल्या होडीने असंच ठरवलं होतं. मग दुसरी आली, विसावी आली. कोणी यंत्रावर जागा टिपून घेतली की त्यामागून गळवाले येतील, जाळीवाले येतील.

दिवाळीच्या सुमारास आपल्या बाबांच्या त्या पाण्याखालच्या खडकावर गोबरे मासे जमतात, पोटं गाभोळीने टम्म फुगलेली. बाबा त्या दिवसांत होडी तिकडे वळवूच द्यायचे नाहीत. घरात कालवणाला काही नसलं तरी नाही. "आधी त्यांची पोरां होवंदेत, मगे आपली जेवतली," म्हणायचे. तू रागाने ताट सरकवलं होतंस, आठवतं?

होडीतून किनाऱ्याकडे बघताना दोन खुणा एकदम जुळल्या की खाली बाबांचं खडप. देवळाच्या कळसाची खूण यांना ठाऊक होती, ती यांनी पोराला सांगून टाकली. नुसत्या तिच्यावर तो चार दिवस भटकला, हाती काही लागलं नाही. दुसरी, डोंगराच्या खिंडीत नेमकी बसणारी सातवीण, फक्त तुला नि मला ठाऊक. मी सांगत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मामाक विचारतलंय."

तो तुला विचारील, आणि तू सांगशील. भाच्याला नाही म्हणणं तुला जन्मात जमलेलं नाही. म्हणून हे पत्र. लवू, सातवीण तोड. पावसाआधीच तोड. तुझं घर माडांच्या आड राहील, समुद्रातून दिसायचं नाही, म्हणजे त्याचीही खूण व्हायची नाही. मग तू सांगितलंस तरी चालेल.

बाबा असते तर मला दारात उभं केलं नसतं. ते खडप पुन्हा मलाही सापडणार नाही, हे कळतंय मला. रविराज म्हणतो, इथे काही राहिलं नाही तर गोव्याला जाईन. तो जाईल, मला वाटतं. माझा एकुलता एक पोरगा, आणि मी माशांच्या बाजूने उभी राहिलेय. त्याच्या तोंडाकडे बघितलं की वाटतं, सांगून मोकळं व्हावं. म्हणून तर घाई करतेय.

एकच कर. झाड पाडायला माणसं लागतील, आणि मामाचं काम म्हटल्यावर तो कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होईल. त्याला बोलावू नकोस. ते त्याच्या हातून नको.

तुझी बाय, आणि त्याची आई,
आनंदी