घामकुटीची कडी

सौ. वहिनींना,

दोन्ही हात वर, कंबर डावीकडे, श्वास रोखलेला, अशा स्थितीतून नणंदेचा नमस्कार. (इथे नमस्कारही सरळ करू देत नाहीत.) दादाचं ब्लडप्रेशर आणि तुमचे गुडघे आपापल्या जागी असतील अशी आशा करते. माझी तब्येत विचाराल तर उत्तम होती, म्हणजे इथे येईपर्यंत.

तुम्हाला ठाऊकच आहे, चौतीस वर्षं इस्पितळात काढून, त्यातली शेवटची अकरा सर्जिकल वॉर्डची मेट्रन म्हणून, मी मार्चमध्ये निवृत्त झाले. घरी बसून मी कुणालाही काडीचा त्रास दिला नाही. फ्रिजवर सगळ्यांच्या औषधांचा तक्ता लावला, ताप नसलेल्या नातवाचा दिवसातून तीनदा ताप पाहिला आणि सूनबाईला चादरीचे कोपरे कसे दुमडायचे ते शिकवलं (तिसऱ्यांदा). तर एका रविवारी चिरंजीवांनी हातात पाकीट ठेवलं. सात दिवसांचं योगशिबिर, समुद्रकाठी, आईला जरा बदल. सूनबाईंनी इतक्या प्रेमाने माझी बॅग भरली की बदलाची गरज नक्की कुणाला आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

शिबिराच्या पत्रकात या जागेला स्वर्ग म्हटलंय. असेलही. डास सोडले तर इथे कुणी पोटभर जेवत नाही. झावळ्यांच्या खोल्या, दारासमोर समुद्र, आणि उकाडा असा की धुतलेला टॉवेल वाळत नाही आणि तो गुंडाळलेला मनुष्यही ओलाच राहतो. दोन्ही वेळेला उकडलेला भोपळा, मध्ये हिरवं पाणी. माझ्या खोलीत एक वकीलबाई आहेत, त्या झोपेतसुद्धा हरकत घेतात. माझ्या पुढच्या चटईवर एक ठेकेदार बसतात. त्यांची मांडी घालायला दोघे लागतात, सोडवायला तिघे. आणि या सगळ्यांवर गुरुजी. वय असेल बत्तीस. शरीराची अशी गाठ मारतात की आपला कुठला पाय कुठे आहे हे त्यांनाही शोधावं लागत असेल. साखर म्हणजे विष आणि मीठ म्हणजे विषाचा मावसभाऊ, हे रोज सकाळी ऐकवतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "ताई, शरीर सोडून द्या." मी म्हटलं, "अहो, एवढ्यात?"

चौथा दिवस मौनाचा. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी अडकवली, अगदीच अडलं तर लिहायला. गुरुजींनी सकाळीच बजावलं की आज कसलाही आवाज येऊ दे, अगदी मी स्वतः हाक मारली तरी डोळे उघडायचे नाहीत, ती मनाची चाल समजायची. मग दुपारी आम्हाला मंडपात डोळे मिटून बसवलं आणि स्वतः मागच्या घामकुटीत गेले. घामकुटी म्हणजे लाकडी खोली. आत वाफ सोडतात, माणूस दहा मिनिटं शिजतो आणि पवित्र होऊन बाहेर येतो. दाराला कडी बाहेरून. उशिरा आलेले ठेकेदार तिथून जात होते. जन्म बांधकामावर गेलेला, उघडी कडी दिसली की हात राहत नाही. नीट लावली, आणि येऊन बसले.

थोड्या वेळाने दार वाजायला लागलं. मग हाका आल्या, "दार उघडा! अहो, दार उघडा!" चोवीस माणसांपैकी एकानेही डोळा उघडला नाही. (माझी एक पापणी जरा किलकिली होती, ती सोडा.) उलट वकीलबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं, जणू मनाची एवढी मोठी चाल आपण ओळखली. मीही बसून होते, खोटं कशाला बोलू. पण वॉर्डात एक गोष्ट शिकले. ओरडणाऱ्या पेशंटकडे चालत जायचं, गप्प झालेल्याकडे पळत. दार वाजायचं थांबलं आणि मी उठले.

उठले म्हणजे काय, दोन्ही पायांना मुंग्या. ठेकेदारांच्या अंगावरून पडत, धडपडत गेले आणि कडी काढली. गुरुजी भिंतीला टेकून बसलेले, तोंड बिटासारखं लाल, डोळे अर्धे. काखेत हात घालून ओढून काढलं, सावलीत आडवं केलं आणि अशी ओरडले की मंडपातल्या सगळ्यांची साधना मोडली. ठेकेदार आले आणि पाटीवर लिहायला लागले, 'हा परीक्षेचा भाग आहे का?'

"हो, तुमच्या," मी म्हटलं. "पाय वर धरा त्यांचे!"

ओल्या पंच्याने अंग पुसलं, वकीलबाईंना वारा घालायला लावलं. साखर शिबिरात औषधाला मिळेना, शेवटी आचाऱ्याच्या खासगी डब्यात निघाली. विष आणि विषाचा मावसभाऊ पाण्यात कालवून ठेवले. शुद्धीवर येताच गुरुजी चार ग्लास प्यायले.

संध्याकाळी सगळे जमलो. गुरुजींनी पाठीला उशी घेऊन सुरुवात केली, "आज आपल्यातल्या एकीचं मौन मोडलं..." सगळ्या माना माझ्याकडे. वहिनी, मला बॅग भरायला पाच मिनिटं लागतात. मी उठणार, तोच वकीलबाई उभ्या राहिल्या.

"गुरुजी, एकच प्रश्न. आतून तुम्ही ओरडत होतात, ती मनाची चाल होती की दार बंद होतं?"

गुरुजींनी पाठीची उशी काढून मांडीवर घेतली. मग इंजेक्शनपूर्वी पोरांचे थरथरतात तसे ओठ थरथरले. "दार बंद होतं," ते म्हणाले. "मी फार घाबरलो होतो. वाटलं, कुणी येणारच नाही. मीच तसं सांगितलं होतं ना."

कुणी हसलं नाही. ठेकेदार "कडी मी लावली" म्हणून हमसून रडले. चौतीस वर्षांत घाबरलेले पुरुष पुष्कळ पाहिले, कबूल करणारे बोटांवर मोजण्याइतके. मी जाऊन गुरुजींची नाडी पाहिली. बरी होती. (नसती तरी बरीच सांगितली असती.)

असो. भोपळ्याची घंटा झाली. दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची नणंद
(वजन दोन किलो कमी, रुबाब तेवढाच)

ता. क. आज सकाळी गुरुजी दाराशी आले. पाऊस लागेपर्यंत आणखी दोन महिने शिबिरं आहेत, तेवढं राहाल का म्हणाले. मी म्हटलं, मला वाकता येत नाही. ते म्हणाले, "तुम्ही वाकू नका, ताई. तुम्ही फक्त लक्ष ठेवा." मार्चपासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणाले.

ता. क. दुसरा. हे चिरंजीवांना तुम्ही सांगा, तो मामीचं ऐकतो. मी कळवलं तर त्याला वाटेल, आई रुसली. रुसले होते, पण आता नाही. सूनबाईला म्हणावं, चादर हवी तशी घाल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. गुरुजींनी शिबिराची नोंदवही माझ्या ताब्यात दिली. गेल्या वर्षी माहेरच्या भाचेसुनेच्या बाळंतपणाला म्हणून तुम्ही आठ दिवस गेला होतात, त्याच तारखांना त्यात तुमची सही आहे. येण्याचं कारण या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'थोडं गप्प बसायचं आहे.' दादाला मी काही कळवणार नाही. पण वहिनी, सांगितलं असतंत, तर सोबत मीही आले असते.