अण्णांचं विलायती रीळ

१४ जानेवारी १९५७
संक्रांत. तिळगूळ खाऊनही वडील गोड बोलले नाहीत! "चार तारखेला डोळा कापणार ना? मग त्याआधी एकदा पवईच्या तळ्यात गळ टाकणार. मग दिसो न दिसो. नाहीतर इस्पितळात पाऊल ठेवत नाही!" अण्णांचा हट्ट म्हणजे हट्ट.

माळ्यावरून त्यांचं मासे धरायचं रीळ काढलं. त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला होता. दांडी फिरते, पण दोरा धरणारी तारेची कमान लुळी पडलीय. मिटतच नाही. अण्णा म्हणाले, "नुसतं तेल घाल. आत बोटं घालू नकोस." म्हातारपणी माणूस कशाला जपेल नेम नाही!

१६ जानेवारी
घातली बोटं. आत गंज, मुंग्यांची माती, वंगणाचं डांबर. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. सुगंधा किंचाळली, "अहो, ती माझी लोणच्याची बरणी!"

आणि स्प्रिंगच्या जागी काय? बायका अंबाड्यात खोचतात तो पितळी आकडा! वाकवून कोंबलेला. इतक्या सुंदर यंत्रात हा अडाणीपणा कुणी केला देव जाणे. उपटून केरात टाकला. सुगंधाने लगेच उचलला. "चांगलं पितळ आहे, टाकता कसले!" बत्त्याने ठोकून सरळ केला आणि खोचला डोक्यात. बायको केलीय की भंगारवाली?

२० जानेवारी
जयवंतला घेऊन चोरबाजार पालथा घातला. दुकानदार हसतो, "मच्छी का रीळ? वो सब साब लोग के साथ गया!" जयवंत म्हणे, "सोड ना यार, त्यांना बाजारातून पापलेट आणून दे." असला मित्र असल्यावर शत्रू कशाला हवा?

२३ जानेवारी
स्प्रिंग नाही. ऑफिसात लक्ष नाही. अण्णा रोज विचारतात, "झालं का रे?"

२५ जानेवारी
दात घासायच्या ब्रशने चाकं घासत बसलो होतो. जुन्या वंगणाच्या वासाने पवई आठवली. मी पाच-सहा वर्षांचा असेन. आई काठावर उभी, केस पार कमरेपर्यंत मोकळे, वाऱ्याने तोंडावर येतायत, आणि ती हसतेय. आईची एवढी एकच आठवण माझ्यापाशी आहे. पुढच्याच वर्षी गेली. फोटोसुद्धा नाही. घरी आल्यावर आत्या कडाडली होती, "केस सोडून गावभर फिरलीस? लाज नाही?" का सोडले होते कोण जाणे. फार आठवण येते.

२८ जानेवारी
सापडली! कुर्ल्याला एका भंगारवाल्याकडे, मोडक्या शिवणयंत्रात. दोन वेढे कापले, बसवली. कमान मिटते — खट्! झकास! जयवंतनेसुद्धा दोनदा मिटवून पाहिली. अण्णांना काही सांगितलं नाही. तिथेच हातात देणार.

३ फेब्रुवारी
पवई. सुगंधाही बरोबर आली. अण्णांनी दांडी फिरवली. खट्! त्यांचा चेहराच उतरला. कमानीखाली बोटांनी चाचपत राहिले.

"आकडा कुठाय?"

"कसला आकडा, अण्णा?"

"तुझ्या आईचा! इथेच स्प्रिंग तुटली होती. मी चरफडत बसलो, तर तिनं अंबाड्यातला काढून दिला. मोकळ्या केसांनी घरी आली बिचारी. तिचं तेवढंच उरलं होतं रे."

सुगंधाने डोक्यातला आकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. अण्णांनी तो खूप वेळ चोळला. मग तिलाच परत दिला. "तुझ्याकडेच असू दे, बाळ. बांध केस, वारा आहे."

ती बांधायला लागली. मी म्हटलं, "थोडा वेळ राहू दे मोकळे."