आठ दिवसांचा फोन

उस्ताद, जिच्यावर माझा जीव हाय, परवा दुपारी तिच्या भावाच्या फुटलेल्या ओठांतून "ॲप तूच टाकून देलं ना रे" एवढंच निघालं, आणि माझं सगळं तिथंच पालटलं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुम्हाला एक ओळ लिहिली न्हाई. आज लिहून राह्यलो, सुजलेल्या हातानं, तुमच्याच मस्तगडातल्या दुकानात, शटर अर्धं ओढून.

तुमची ती थप्पड आठवते. कॉलेज अर्ध्यात सोडून, घरी बापाची गचांडी धरून मी तुमच्याकडं आल्तो. कुणा बाईचा फोन स्क्रीन बदलायला आल्ता आणि मी तिचे फोटो चाळत बसलो होतो. तुम्ही हातातली तापलेली सोल्डरिंगची सळई आधी नीट स्टँडवर ठेवली, आणि मंग अशी हाणली की मी काउंटरच्या काचेवर पडलो. "काय को देखा रे? उसने स्क्रीन बनाने कू दी थी, अपना घर नहीं दिया था!" कान दिवसभर वाजत होता. संध्याकाळी तुम्ही तुमचाच जुना, कोपऱ्यात तडकलेला फोन माझ्या हातात ठेवला. "जो भी नया ॲप आएगा, पहले इसमें डाल. आठ दिन रख. बाद में लोगां कू दे." तेव्हापासून प्रत्येक ॲप त्या फोनात आठ दिवस राहायचं. ते बॅटरी किती खातं, माइक कशाला मागतं, न विचारता कुठं डोकावतं, हे तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बघत बसायचे. मी चिडायचो, "उस्ताद, आठ दिवसांत गिऱ्हाईक म्हातारं होईल." तुम्ही म्हणायचे, "होने दे. मेरे हात से मरा तो नहीं."

तुमच्यानंतर मी हार्वेस्टर बुक करायचं एक ॲप बनवलं, कुंभार पिंपळगावच्या लोकांसाठी. फोनसोबत जे कंपनीचं ॲप स्टोअर येतं, त्यानं ते तीनदा परत पाठवलं. कारण दोन ओळींचं, आणि विचारायला समोर माणूस न्हाई. तिसऱ्यांदा मी लॅपटॉप भिंतीवर आपटला. मंग स्वतःचंच स्टोअर काढलं. लिंक उघडा, ॲप घ्या, कंपनीच्या दारात उभं राहायचं कामच न्हाई. जनावरांच्या लशींच्या तारखांचं ॲप आलं, आपल्या गल्लीतल्या मास्तरांचं उर्दू अक्षरओळखीचं आलं. अशी स्वतंत्र स्टोअरं आता जगात ठिकठिकाणी उघडून राह्यलीत, हे वाचलं की छाती फुगायची. वाटायचं, त्या दाराला एक लाथ माझीही हाय. फक्त आपलं ॲप घेताना फोन इशारा द्यायचा, हे अनोळखी ठिकाणाहून येतंय म्हणून. मी सगळ्यांना शिकवलं, "ते नुसतं भुंकतं, चावत न्हाई. पुढं दाबा."

दिवाळीच्या आधी तिचा भाऊ दुकानात आला. आमचं त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या हातात तिचा फोन होता, मीच दिलेल्या निळ्या कव्हरातला. "चार्जिंग धरत न्हाई," म्हणाला, आणि मंग हळूच, "भाऊ, बहीण कॉलेजला जाते, जमाना खराब हाय. कुठं हाय ते दिसायचं काही असतं का?"

"आपल्याकडं सगळं असतं," मी म्हणालो. उस्ताद, मला ह्या माणसाचा मेव्हणा व्हायचं होतं. तो खूश व्हावा, घरी जाऊन माझं नाव काढावं, एवढंच डोक्यात. तसलं एक ॲप कुणीतरी आदल्याच दिवशी माझ्या स्टोअरवर पाठवलं होतं. तुमचा तडकलेला फोन ड्रॉवरमध्ये होता. हात तिकडं गेला न्हाई. इशारा आला, माझ्याच बोटानं मी 'पुढं' दाबलं. त्यानं पाठ थोपटली. "बिलकुल कामाचा पोरगा हाय तू." आणि मी तिला एका शब्दानं बोललो न्हाई.

ते ॲप नुसता पत्ता दाखवत न्हवतं, मेसेजही वाचत होतं. मागच्या आठवड्यात भावानं आमचं सगळं वाचलं, तिला ओसरीवर फरपटत आणलं आणि मनगट पिरगाळून मोडलं. तिची मावशी तिला आपल्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला घेऊन गेली. तिथून मावशीचा फोन आला, तेव्हा मी हेल्मेट उचललं. तो चहाच्या टपरीवर बसला होता. पहिल्या तडाख्यात त्याचं नाक फुटलं, दुसऱ्यात ओठ. तेव्हा तो हसला, रक्त थुंकत, आणि ते वाक्य बोलला. मी तिसरा तडाखा हाणला. त्याचा जबडा वाजलेला मला हातात जाणवला. चार माणसांनी मला ओढून काढलं.

काल तिचा आवाज आला, मावशीच्या फोनवरून. "चुगली माझ्या मैत्रिणीनंच केली. तोडलं मी तिच्याशी कायमचं. तू तिला सोडू नको." मी "बघतो" म्हणालो. बिचाऱ्या त्या पोरीनं काही केलं न्हाई.

मंग मी ड्रॉवर उघडून ते ॲप तुमच्या फोनात टाकलं. आठ दिवस लागले न्हाईत, उस्ताद. अर्ध्या तासात त्या फोनातला प्रत्येक मेसेज माझ्या फोनवर दिसायला लागला. स्टोअरवरून ते काढून टाकलं. बाकीचीही सगळी काढली, एकेक तुमच्या फोनातून गेल्याशिवाय परत चढणार न्हाईत.

आता एकच राहिलं. टपरीवरची माणसं म्हणतात, पोरीसाठी पोरगा पेटला. पहिले दोन तडाखे तिच्यासाठी होते. तिसरा त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून होता, ते ॲप मीच टाकलं हे तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.

हा कागद काउंटरच्या काचेखाली सारतो. तडकलेला फोन खिशात घेतला हाय, तिला दाखवायला. त्यानंतर ती माझं तोंड बघणार न्हाई, बहुतेक. रेणुकाईची गाडी लागली असंल. उठलो. बाहेर पडून शटर ओढतो.