नत्थू ‘चुकलो’ म्हणेपर्यंत

३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
शालिग्रामच्या मोबाइलवर फिल्म पाहिली. कॉमेडी. शाळेत हीरोले एक दांडगा पोट्टा छळते. मोठा झाल्यावर हीरो त्याले शोधून काढते अन् भर बाजारात कॉलर धरते. तिथंच अडकली. अर्धीच डाउनलोड झाली होती. पुढची पाहायची गरज नाही. मले समजलं. कॉलर धरली की काम झालं.

ठराव: नत्थूले शोधणं.

नत्थू म्हणजे आमच्या गावचा, माझ्याच वर्गातला, तेव्हापासूनच माझ्याहून हातभर उंच. सहावीत त्यानं माझ्या चड्डीचा नाडा शाळेच्या घंटेच्या दोरीले बांधला. पूर्ण शाळा प्रार्थनेले उभी. शिपायानं दोरी ओढली. घंटा वाजली, नाडा सुटला. त्या दिवसापासून गावात मी विशाल नाही, घंटी. आईसुद्धा घंटीच म्हणते. शाळा सोडली तीही त्याच्याचमुळं. (गणितात नापास झालो होतो, पण तो विषय वेगळा.) रायपुरात कोणाले माहीत नाही. इथं मी विशाल.

नत्थूच्या तोंडून एकच शब्द पाहिजे. चुकलो. बस.

४ नोव्हेंबर
शालिग्रामले प्लॅन सांगितला. तो माझा रूम पार्टनर, इथल्याच गुढ़ियारी मोहल्ल्यातला जन्म, मालधक्क्यावर कामाले. मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते. म्हणे, पहले ढूँढ तो ले. म्हटलं, मी शोधून राहिलो, तो लपून राहिला.

५ नोव्हेंबर
सापडला!

आमचं काम नवा रायपुरात. ऑफिसांच्या काचा बाहेरून पुसणं. गच्चीवरून दोरांवर झुला सोडतात. झुल्यात मी. गच्चीवर मशीनपाशी एक माणूस, तो झुला वर-खाली करते. जुना माणूस गेला, सुपरवायझर शिशिर सरनं नवा आणला. पाठमोरा बसून दोराले गाठ मारत होता. चेहरा दिसला नव्हता. गाठीवरून ओळखलं.

त्यानं वळून पाहिलं अन् अबे घंटी म्हणून ओरडला. धावत येऊन मिठीच मारली. मिठीत असल्यामुळं कॉलर धरता आली नाही.

संध्याकाळी गेटवरचा वॉचमन म्हणे, घंटी भैया, आपकी बस निकल गई.

६ नोव्हेंबर
नीट विचार केला. आपला दोर ज्याच्या हातात आहे त्याच्याशी ड्युटीवर भांडू नये. हे भिणं नाही, सेफ्टी आहे. ड्युटी संपल्यावर भांडावं तर सहाची बस जाते, अन् मंग दुसरी कधी येईल ते ड्रायव्हरलेही माहीत नसते. नुसता रुंद रस्ता पाहत उभं राहा. म्हणून लंच टाइम.

लंच टाइममध्ये नत्थूनं आपला अर्धा झुणका माझ्या पोळीवर टाकला. बायकोनं केला म्हणे, खा. खाल्ला. शत्रूचा डबा अर्धा करणं हीसुद्धा लढाईच आहे. तिखट बरोबर होतं.

८ नोव्हेंबर
आज शिशिर सरले मधात घेतलं. सर समता कॉलोनीतले. भोसल्यांच्या काळापासून इथं असलेले मराठी, पण मराठीत बोलले की जीभ अडकते. म्हणून हिंदीतच सांगितलं, सर, मेरे को नत्थू को शिक्षा देनी है. सर एकदम खूश. म्हणे, वाह, नया आदमी है, दो शिक्षा, आज से तुम ही सिखाओगे.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं, हे बसमध्ये बसल्यावर आठवलं.

काही बिघडलं नाही. आता मी नत्थूचा मास्तर. मास्तर रागावू शकते.

९ नोव्हेंबर
वॉकीटॉकी बिघडला, म्हणून नत्थूले हाताच्या खुणा शिकवल्या. मूठ वर केली की झुला वर. बोट खाली दाखवलं की झुला खाली. पहिल्याच खेपेत शिकला. रागवायले जागाच ठेवली नाही. मुद्दाम करून राहिला.

वर म्हणे, तू छान शिकवतं बे, मास्तर व्हायले पाहिजे होतं. थोडं बरं वाटलं, पण ते दाखवलं नाही.

११ नोव्हेंबर
नवा प्लॅन. झुल्यातूनच बोलायचं. तिथं तो मले हात लावू शकत नाही.

अर्ध्या बिल्डिंगवर आल्यावर मूठ उगारली अन् ओरडलो, नत्थ्या, तुले सोडत नाही! वाऱ्यात त्याले ऐकू गेलं नाही. झुला वर गेला. खाली बोट दाखवून ओरडलो, खाली ये, मंग पाहून घेतो! झुला खाली गेला. पुन्हा मूठ. पुन्हा वर. आतले लोक फायली सोडून काचेपाशी जमले. एका बाईनं टाटा केला.

उतरल्यावर नत्थू म्हणे, सगळ्या खुणा बरोबर समजल्या ना मले? सर म्हणे, बढ़िया ट्रेनिंग, घंटी.

सरसुद्धा!

शालिग्रामले सांगितलं तर तो गादीवर लोळून हसला. म्हणे, फिलिम का बाकी हिस्सा देख ले भाई. म्हटलं, गरज नाही.

१३ नोव्हेंबर
झालं!! काम सुरू व्हायच्या आधी गच्चीवर गाठलं. कॉलरपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून शर्टाचं दुसरं बटन धरलं. म्हटलं, चुकलो म्हण. तो म्हणे, कायले? म्हटलं, सहावी, घंटा, नाडा. तो हसायलेच लागला. म्हणे, अबे ते! त्या दिवशी केवढे हसलो होतो आपण.

आपण! मी नव्हतो हसलो. मी चड्डी धरून होतो.

ढकललं त्याले. तो हलला नाही. मी मागं गेलो अन् साबणाच्या बादलीवर आदळलो. बादली कठड्यावरून खाली. खाली मोठ्या साहेबाची गाडी. गाडी वाचली, साहेब वाचला नाही. ओलाचिंब.

शिशिर सर लय तापले. दोघांले केबिनमध्ये बोलावलं. मी आल्यापासून पहिल्यांदा मराठीत बोलले. म्हणे, बात वर गेली तर दोघंबी जाल. आत्ताच राजीनामा लिहा, सही करा, विषय खतम.

नत्थू लगेच म्हणे, हव सर, लिहितो. अन् लिहायलेही बसला. मी पाहतच राहिलो. नोकरी सोडायले एवढा तयार! भ्याला मले. मंग मी काहून चिकटून राहू? वेगळा कागद घेतला. मोठ्या अक्षरात लिहिलं, मी विशाल, आजपासून काम सोडतो, मले कोणाची गरज नाही. सरनं वाचलं. माझ्याकडं पाहिलं. पक्का? म्हणे. म्हटलं, एकदम पक्का.

दोघंही गेलो. म्हणजे बरोबरी. बरोबरी म्हणजे माझीच जीत, कारण सुरुवात त्यानं केली होती.

१४ नोव्हेंबर
सुट्टीसारखं वाटून राहिलं. नत्थू घरी तोंड पाडून बसला असन.

शालिग्रामनं पूर्ण फिल्म आणली. कॉलर धरल्यावर तो दांडगा हीरोले उचलून नालीत टाकते. बाकीची अर्धी फिल्म हीरोच्या पायाले प्लास्टर. हे आधी सांगायचं असते.

१५ नोव्हेंबर
बेल्ट अन् बूट जमा करायले नवा रायपुरात गेलो. वर पाहिलं. झुला चालू. झुल्यात नत्थू. माझ्या झुल्यात!

मले पाहून त्यानं खुशीत मूठ वर केली. काहीतरी ओरडत होता, पण तेवढ्यात झुला वर गेला.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
नत्थू रूमवर आला. डबा घेऊन. मी झोपल्याचं नाटक केलं. झुणक्याच्या वासानं जमलं नाही.

म्हणे, अबे घंटी, तू नोकरी काहून सोडली? सरनं तर राजीनामा लिहायले सांगितला होता. म्हटलं, मंग? तोच तर लिहिला. तो कपाळाले हात लावून बसला. म्हणे, इथं राजीनामा म्हणजे समझोता, बावा. दोघं राजी झाले असं लिहून देणं. माझं सासर इथलंच, तिथल्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आठवड्याले एक होते. मी तर लिहिलं, विशाल माझा बालपणचा दोस्त आहे, आमचं मिटलं.

शालिग्राम हव हव करत होता. त्यालेही माहीत होतं!

मंग नत्थू मान खाली घालून म्हणे, चुकलो बे मी. तिथंच तुह्या कागदात डोकावून पाहायले पाहिजे होतं.

चुकलो! आपल्या तोंडानं! शालिग्राम साक्षीदार आहे. कायच्याबद्दल म्हणाला, ते बारीक पाहायची गरज नाही. मोहीम फत्ते.

नत्थू सरशी बोलून आला आहे. सोमवारपासून मले परत घेतील, पण नवा माणूस म्हणून. शिक्षा नत्थू देणार. हजेरीत नावही चढलं म्हणे. घंटी. विचारलं, विशाल काहून नाही लिहिलं? तर म्हणे, सर सांगत होते, विशाल नावाचा माणूस तर काम सोडून गेला.